रिकाम्या वाटीचा डोंगर

"फारूक, तुझं यंत्र बिघडलंय," असं म्हणतच डॉ. वनिता सरनोबत प्रयोगशाळेत शिरल्या, आणि फारूक मुल्लाणीला हसावं की गप्प बसावं ते कळेना. यंत्र त्याचं नव्हतंच मुळी. ओढमापी शोधली बाईंनी, घडवली बाईंनी, तिच्यासाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवले तेही बाईंनीच. जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि शिरोलीच्या माळावरची ही मेंदूविज्ञान संस्था फारूककडे आली, एवढाच काय तो त्याचा संबंध. बाईंचा तो पहिला विद्यार्थी. आता स्वतः पन्नाशीला टेकला होता, तरी त्या आल्या की खुर्चीतून उठायचा.

"बसा तरी आधी, मॅडम. काय झालं?"

"तीन आठवडे 'हौसमौज'मध्ये चकरा मारतेय. सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं आहे त्या दुकानात, पण कशालाही हात लावला तरी आकडा बाराच्या पुढे सरकत नाही. त्यांच्या पट्ट्या चुकीचं मोजतायत. कुणाला तरी पाठव आणि तपासून घे."

"त्याच पट्ट्या लावून अख्खं कोल्हापूर खरेदी करतंय, मॅडम. अजून कुणाची तक्रार नाही आली."

"मग माझ्या डोक्यात बिघाड आहे असं म्हण ना सरळ."

असं म्हणायची फारूकची छाती नव्हती. त्यानं मुकाट्यानं कपाटातून चाचणीचं सामान काढलं. एक कपाळपट्टी, एक छोटा पडदा आणि एक स्टीलची वाटी. पट्टी बोटभर रुंद, मेंदूच्या खोल भागातून निघणारे संकेत टिपणारे तंतू तिच्यात विणलेले. ती बाजारात आली त्याच आठवड्यात कोल्हापूरकरांनी तिचं 'बाशिंग' असं बारसं करून टाकलं होतं, आणि बाईंना ते नाव अजिबात खपत नसे. त्यांनी स्वतःच ती कपाळाला बांधली. फारूकनं टेबलावर वाटी पालथी घातली.

"काय आहे खाली?"

"उंदरांवरच्या प्रयोगाचा निकाल. काल रात्रीच हाती आलाय. तुमचा अंदाज बरोबर निघाला की चूक, ते चिठ्ठीवर लिहून ठेवलंय."

बाई काही बोलल्या नाहीत, पण पडद्यावरची रेघ बोलली. ती उठली आणि चढतच गेली. चाळीस, साठ, ऐंशी. फारूकनं मुद्दाम चष्मा पुसायला घेतला, तशी ती आणखी वर गेली. मग त्यानं वाटी उचलली. बाईंनी चिठ्ठीवर झडप घातली, 'बरोबर' हा शब्द वाचला आणि त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. नेमकी तेव्हाच रेघ धाडकन खाली आली.

"यंत्र ठणठणीत आहे," फारूक म्हणाला. "आणि तुम्हीही."

"बघ, मी हसले तेव्हाच पडली. अजून लोक मला विचारतात, मजा वाटते तेव्हा रेघ खाली कशी काय येते म्हणून."

"मी सांगतो त्यांना, की आपण आनंद मोजतच नाही, ओढ मोजतो. मेंदूत दोघांची घरं वेगळी. जे अजून हातात आलेलं नाही त्याच्याकडे मन धाव घेतं, ती ओढ. हातात आलं की तिचं काम संपलं."

"आणि ती खोटी आणता येत नाही, तेही सांगत जा. आपण 'हवं' असा विचार करायच्या आत ती उठलेली असते. विचार तिच्या मागून येतो."

"सांगतो की."

"मग दुकानात का उठत नाही माझी?"

"कारण दुकानात उंदरांचे निकाल विकायला ठेवत नाहीत, मॅडम."

एरवी बाई यावर हसल्या असत्या. आज त्यांनी पट्टी सोडून टेबलावर ठेवली, पर्समधून एक चंदेरी कार्ड काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

या सगळ्याला सुरुवात झाली होती कचऱ्यातून. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, वाढदिवस. माणसं एकमेकांना लेमन सेट देत होती, भिंतीवरची घड्याळं देत होती, फ्रेममधले गणपती देत होती, आणि घेणारी माणसं ते माळ्यावर टाकत होती. माळे भरले तेव्हा शहराबाहेर डोंगर उभे राहिले. शेवटी सरकारनं कायदा केला, की यापुढे भेट द्यायची तर भेटकार्डाच्या रूपात, आणि त्या कार्डावर तीच वस्तू मिळेल जी घेणाऱ्याला खरोखर हवी आहे. खरोखर म्हणजे किती, हे ठरवायला डॉ. सरनोबतांची ओढमापी होतीच. दुकानाच्या दारात ट्रॉलीबरोबर कपाळपट्टी मिळू लागली. ओढांक चाळीस किंवा वर असेल तरच वस्तू विकली जाई.

कचरा कमी झाला, यात शंकाच नाही. पण आपल्याला नक्की काय हवंय हे माणसांना वाटतं तितकं ठाऊक नसतं, ही गोष्ट कायद्यानं गृहीत धरली नव्हती. बायका हौसेनं पैठणी उचलायच्या आणि आकडा सोळा यायचा. सोबतची जाऊबाई तो वाचायची आणि मग महिनाभर घरात तोच विषय. राजारामपुरीत दोन-तीन 'ओढवर्ग' निघाले. तिथे मिक्सरचं चित्र समोर ठेवून डोळे मिटायला शिकवत आणि भरमसाट फी घेत. उपाशीपोटी जाऊन फराळाचे डबे उचलायची युक्तीही लोकांनी करून पाहिली, पण बाईंनी ती आधीच ओळखली होती. भूक, तहान, थकवा, थंडी, शरीराची प्रत्येक गरज यंत्र मोजून वजा करत असे. पळवाटा बुजवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता एकेका पळवाटेवर त्यांचंच डोकं आपटत होतं.

कार्डाला मुदत वर्षाची. तेवढ्यात ते खर्च झालं नाही, तर मुदतीचा दिवस संपताच देणाऱ्याला एक पत्र जाई. 'आपण दिलेल्या भेटीतून घ्यावी अशी ओढ स्वीकारणाऱ्यास कोणत्याही वस्तूची वाटली नाही.' सोबत आलेख, म्हणजे कार्डधारकानं दुकानात पट्टी बांधल्यापासूनचा प्रत्येक चढउतार, वेळेसकट. देणाऱ्याला काही शिकता यावं, पुढच्या वेळी त्यानं अधिक विचार करावा, हा हेतू. पत्राचा मजकूर बाईंनीच लिहिला होता. त्या वेळी त्यांना तो फार नेमका वाटला होता.

"कुणी दिलंय कार्ड?" फारूकनं विचारलं.

"रुचिरानं."

फारूकनं कार्ड हातात घेतलं. मागे बाईंचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात 'मुदत : २३ नोव्हेंबर'. दिवाळी होऊन गेली होती. फार दिवस उरले नव्हते.

रुचिरा म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. फारूकनं तिला सहा वर्षांची असल्यापासून पाहिलं होतं, याच टेबलावर पाय हलवत बसलेली. ओढमापीची पहिली चाचणी बाईंनी तिच्यावरच घेतली होती. पालथ्या वाटीखाली लिमलेटची गोळी ठेवायची, तिला सांगायचं आणि रेघ पाहायची. रेघेला 'डोंगर' हे नाव तिनंच दिलं. थोड्याच दिवसांत पोर इतकी तयार झाली, की पडद्याकडे पाहून सांगायची, "हा गोळीचा डोंगर आहे. हा बिस्किटाचा. हा खोटा आहे, फारूककाकाला खोकला आला म्हणून झालाय." एकदा मात्र भलतंच झालं. वाटीखाली काही नव्हतं, पोरीला काही सांगितलेलं नव्हतं, ती एकटीच पट्टी बांधून बसली होती आणि रेघ एकाएकी पार वरच्या कडेला जाऊन टेकली. एवढा डोंगर त्याआधी कुणाचाच झाला नव्हता. बाईंनी तारा तपासल्या, पट्टी बदलली, सगळं खोदून पाहिलं. खोलीत नवीन काहीच आलं नव्हतं. तीन तासांची बैठक संपवून बाई दारातून आत आल्या होत्या, तेवढंच. शेवटी त्यांनी त्याला 'त्रुटी : रिकामी वाटी' असं नाव देऊन टाकलं, आणि तेव्हापासून ज्या ओढीसमोर यंत्राच्या कॅमेऱ्याला वस्तू सापडत नाही, तिच्यावर तोच शिक्का बसत आला.

दोन वर्षांनी बाईंचे यजमान अपघातात गेले. संस्था नुकती उभी राहत होती. रुचिराला गडहिंग्लजला मावशीकडे ठेवलं, 'थोडे दिवस' म्हणून, आणि ते थोडे दिवस बारावीपर्यंत चालले. कॉलेजला निघाली तेव्हा एकदाच माय-लेकींचं कडाक्याचं वाजलं. रुचिरा रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या वाटीखाली एकदा माझं नाव ठेवून बघ, आई. रेघ हलते का बघ." बाई म्हणाल्या होत्या, "यंत्र वस्तूंसाठी आहे, रुचिरा." शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं. त्यानंतर दोघी एकमेकींशी फार सभ्यपणे वागत आल्या होत्या.

"नाशिकला हवामान केंद्रात लागली ना ती?" फारूक म्हणाला.

"ऑगस्टमध्ये. गौरी जेवणाच्या दिवशी आली होती, संध्याकाळच्या गाडीनं परत. जाताना चहाच्या कपाशेजारी हे ठेवलं. म्हणाली, 'पहिल्या पगाराचं आहे. तुला काय आवडतं ते मला माहीत नाही, म्हणून कार्ड.'" बाईंनी कार्ड त्याच्या हातातून परत घेतलं. "पहिल्या पगाराचं, फारूक. आणि तेवीस तारखेनंतर तिला पत्र जाणार, की तुझ्या आईला त्यातलं काही म्हणजे काहीच नको होतं. सोबत सपाट रेघ. आणि ती रेघ तिच्याइतकी चांगली कुणालाच वाचता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाई 'हौसमौज'वर तुटून पडल्या. आयुष्यभर त्यांनी प्रयोग असेच केले होते, एक जमला नाही की दुसरा. साड्या झाल्या, भांडी झाली, मसाजची खुर्ची झाली. त्या खुर्चीत तर त्या रोज जाऊन बसायच्या, सवयीनं का होईना हवीशी वाटेल म्हणून, आणि दोनदा तिच्यातच डुलकी लागली. यंत्रानं थकवा वजा करून पाच आकडा दाखवला. काउंटरवरची प्राजक्ता आता त्यांना ओळखू लागली होती.

"मॅडम, ह्यो कॉफीचा मग बघा की. लई गोड हाय. परवा एका आजींचा बावन्न आला बघा ह्याच्यावर."

बाईंनी मग हातात घेतला. सात.

"आवडला न्हाय व्हय?"

"आवडला गं. छान आहे. पण हवासा नाही वाटत, त्याला काय करू?"

लेखनसाहित्याच्या विभागात मात्र एकदा आशा वाटली. काचेमागे एक शाईचं पेन होतं, हिरवं, सोनेरी टोपणाचं. शाळेत असताना असं पेन फक्त डॉक्टरांच्या मुलीकडे होतं, आणि बाई तिच्या शेजारच्या बाकावर बसत. रेघ हलली. पंचवीस. तीस. छत्तीस. "द्या, द्या पटकन," बाई म्हणाल्या, आणि प्राजक्तानं कुलूप उघडून पेन त्यांच्या हातात दिलं. पेन हलकं होतं, प्लास्टिकचं. रेघ चारावर येऊन पडली. बाईंना तिथंच, त्या झगझगीत दिव्यांखाली, रडू आलं. आपल्याला काही हवंसं वाटत नाही याचं ते रडू नव्हतं. एका पोरीनं आपल्या कष्टाचे पैसे आईच्या हातावर ठेवले होते आणि आईला ते घेता येत नव्हते, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

बावीस तारखेला त्यांनी फारूकला फोन केला. "काहीतरी मार्ग सांग."

फारूक म्हणाला, "मार्ग आहे, मॅडम. तुम्हाला पटणार नाही म्हणून बोललो नव्हतो. पुनर्भेट करा."

"म्हणजे?"

"त्याच रकमेचं कार्ड दुसऱ्याच्या नावावर करायचं. तुमचं कार्ड खर्च झालं असं धरतात. रुचिराला पत्र जाणार नाही."

"त्याला चाळीस नको?"

"कार्ड ही वस्तू नाही, त्यामुळे त्याला ओढ लागत नाही. मसुद्यात तुम्हीच लिहिलंय, विसरलात वाटतं. फक्त मुदत वाढत नाही, पहिल्या कार्डाची असेल तीच पुढे चालते. तेही तुम्हीच घातलंत, नाहीतर लोक एकच कार्ड जन्मभर फिरवत बसले असते."

"ब्लाउजपीससारखं," बाई म्हणाल्या. "आमच्या आईनं एकदा कुणाच्या तरी ओटीत घातलेला खण वर्षभरानं तिच्याच ओटीत परत आला. कोपऱ्यावर शाईचा ठिपका होता म्हणून तिनं ओळखला. घरं फिरून फिरून देणारीकडेच आला होता."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. घडी करून ठेवून दिला. दुसरं काय करणार?" मग बाईंनी विचारलं, "किती लोक करतात हे? पुनर्भेट?"

"निम्मी कार्डं तशीच फिरतात, मॅडम. आकडे आहेत माझ्याकडे. तुम्हाला दाखवायचा धीर झाला नाही."

बाईंना वाटलं, आपल्या पायाखालची फरशी कुणीतरी हळूच काढून घेतली. माणसांना एकमेकांचं मन कळावं म्हणून आपण हे यंत्र केलं. आणि माणसं कळू नये म्हणून धडपडतायत.

"वाईट वाटून घेऊ नका," फारूक म्हणाला. "देणाऱ्याच्या मनाला लागू नये म्हणूनच करतात ना? एकमेकांना सांभाळून घेतात. उद्या माझ्या बायकोच्या, सलमाच्या नावावर करा. मी तिला घेऊन तिथंच येतो, ती शिलाई मशीन घेईल. तिनं ते काचेतून इतक्यांदा पाहिलंय, की पट्टी वितळेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई 'हौसमौज'मध्ये गेल्या. फारूक सलमाला घेऊन यायचा होता. काउंटरवर प्राजक्ता होती. नियमाप्रमाणे तिनं पट्टी दिली, बाईंनी ती बांधली, आणि व्यवहाराच्या पडद्यावर 'पुनर्भेट' निवडलं. सलमाचं नाव टाकलं. यंत्रानं रक्कम दाखवली, मुदत दाखवली, आणि खाली एक ओळ आली.

'मूळ भेटीचा प्रसंग : वाढदिवस. हाच प्रसंग पुढे ठेवायचा आहे का?'

बाईंनी चष्मा वर-खाली केला. "हे चुकलंय गं. पहिल्या पगाराचं आहे हे कार्ड."

प्राजक्ता पलीकडून वाकली. "मूळ म्हंजे पयल्या कार्डाचं, मॅडम. तुमचं कार्ड बी पुनर्भेटीचंच हाय की. कुणाला तरी वाढदिवसाला आलं असणार, त्येंनी तुमाला फिरवलंय."

"असं कसं फिरवेल ती? ती..." बाई थांबल्या. कार्ड ऑगस्टनंतरच्या पगाराचं, तर मुदत पुढच्या वर्षीची हवी होती. ही नोव्हेंबरची होती. म्हणजे मूळ कार्ड निघालं गेल्या वर्षी याच तारखेला. तेवीस नोव्हेंबरला. गेले कित्येक दिवस ही तारीख त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाहिली होती, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल गोल काढला होता, फारूकजवळ तिच्या नावानं बोटं मोडली होती.

तेवीस नोव्हेंबर हा रुचिराचा वाढदिवस होता.

संस्थेतल्या संगणकाला बाईंनी फार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. दर वर्षी त्या तारखेला तो आपणहून रुचिराला एक मजकूर पाठवायचा, 'अनेक आशीर्वाद, आई', आणि अलीकडे सोबत 'हौसमौज'चं भेटकार्ड. त्याच दिवशी सकाळी तो बाईंनाही कळवायचा, म्हणजे फोन आला तर चूक व्हायला नको. जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचं खातं बंद झालं. या वर्षी कुणी आठवण करून दिली नाही. दिवस सरत आला होता, आणि बाईंना आठवलं नव्हतं.

पडदा उत्तराची वाट पाहत होता. बाईंचं मन मात्र सवयीनं पुढची पायरी चढत गेलं, एकातून दुसरं काढत. हे आपणच दिलेलं कार्ड. पोरीनंही पट्टी बांधली असणार, असेच मजल्यामागून मजले पालथे घातले असणार, आणि संगणकानं पाठवलेल्या आशीर्वादातून घ्यावंसं तिला काही वाटलं नसणार. ते तसंच संपू दिलं असतं, तर आज रात्री पत्र आलं असतं बाईंना. सपाट रेघेसकट. आईच्या मनाला काय वाटेल म्हणून तिनं ते थांबवलं. सरळ परत करता येत नव्हतं, म्हणून पहिल्या पगाराचं नाव सांगितलं. जी गोष्ट बाई आत्ता लेकीसाठी करायला उभ्या होत्या, तीच लेकीनं त्यांच्यासाठी आधी करून ठेवली होती, आणि या तारखेला काय असतं हे आईला आठवेल, एवढीच आशा तिनं कार्डाबरोबर ठेवली असेल. कदाचित तेवढीही नसेल.

"मॅडम, हो म्हणू काय?" प्राजक्तानं विचारलं.

बाईंनी 'रद्द' दाबलं.

"अवो, आज शेवटचा दिस हाय! कार्ड वाया जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून फोन काढला. नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं आणि रिंग वाजू लागली.

पट्टी कपाळावरच होती. काउंटरच्या पडद्यावरची रेघ पहिल्या रिंगला हलली, दुसऱ्या रिंगला चाळीस ओलांडून गेली. काउंटरचा टपोरा हिरवा दिवा लागला. रिंग वाजतच होती. साठ. ऐंशी. शेजारच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली, कारण एवढा आकडा तिथं कुणी पाहिला नव्हता. यंत्रानं आपल्या गोड आवाजात सांगितलं, "अभिनंदन. कृपया वस्तू काउंटरवर ठेवा."

"ठेवा की, मॅडम!" प्राजक्ताच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "लागला की वो आकडा! काय घेतलंय?"

"ठेवता येत नाही गं."

यंत्राच्या कॅमेऱ्यानं बाईंचे हात पाहिले, काउंटर पाहिला, मागचे कप्पे पाहिले. "कृपया वस्तू काउंटरवर ठेवा," ते पुन्हा म्हणालं. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली होती. असा डोंगर बाईंनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. त्या वेळी खोलीत नवीन काय आलंय हे त्यांनी सगळीकडे शोधलं होतं, आणि दारात तर त्या स्वतःच उभ्या होत्या.

रिंग वाजून वाजून बंद झाली. फोन कुणी उचलला नाही.

रेघ मात्र पडली नाही. हाताशी आलं नाही तोवर ती पडत नसते, हे बाईंनीच जगाला शिकवलं होतं. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'त्रुटी : रिकामी वाटी. विक्री नाही.' हिरवा दिवा विझला आणि माणसं आपापल्या ट्रॉलीकडे वळली.

आज दिवस संपला की रुचिराला पत्र जाणार होतं. तिच्या आईला कोणत्याही वस्तूची ओढ वाटली नाही, असंच त्यात लिहिलेलं असणार, आणि ते खरंच होतं. खाली आलेख असणार, कित्येक दिवसांचा सपाट माळ आणि अगदी शेवटी वाटीखाली काहीही नसताना उठलेला डोंगर. तो कधी उठला ती वेळही तिथं असेल, आणि त्याच वेळी आपला फोन कोण वाजवत होतं ते तिला दिसेल. बाकीचं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. डोंगर वाचायला ती सहाव्या वर्षी शिकली होती. वाचावंसं तिला वाटेल की नाही, एवढंच बाईंना माहीत नव्हतं.

"पट्टी द्या मॅडम, मागं लोक थांबल्यात," प्राजक्ता हळूच म्हणाली.

"एक मिनिट थांब, बाळ," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.